नायट्यावरील गोळी आणि हृदयाचा ठोका

मृगाचा पाऊस पडून आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील काळ्या रानात सरकी टोबून झाली, की शेतकऱ्याच्या घरी निंदण-डवरणीची घाई सुरू होते. त्याच दिवसांत एक न बोलावलेला पाहुणाही घरात शिरतो. ओली वस्त्रे अंगावरच वाळतात, घाम व चिखल यांत दिवस जातो, आणि कमरेस, काखेत, जांघेत तांबूस वर्तुळे उठून खाज सुटते. कोणी त्यास नायटा म्हणतात, कोणी गजकर्ण. एकाच पंचाने सर्वांनी अंग पुसल्यामुळे व एकाच अंथरुणावर निजल्यामुळे तो एकाचा दुसऱ्यास होतो. मग घरातील कोणी बाजाराच्या दिवशी औषधाच्या दुकानी जातो, 'खाजेची गोळी' मागतो, आणि चौघांसाठी एकच पाकीट घेऊन परततो.

या गोळीने बहुधा गुण येतो, व कोणास काही अपाय झाला असे सहसा ऐकू येत नाही. परंतु तीच गोळी काही विशिष्ट माणसांच्या पोटात, काही विशिष्ट औषधांच्या संगतीत गेली, तर हृदयाचा ठोका चुकविते, आणि एखादे वेळी प्राणावरही बेतते. कातडीवरील चट्टा कोठे आणि छातीतील हृदय कोठे! या दोहोंचा संबंध काय, असा प्रश्न कोणाही विचारी मुलास पडेल. त्या प्रश्नाचे यथाशक्ति उत्तर देणे, आणि त्यावरून आपल्या घरी कोणती सावधगिरी ठेवावी हे सांगणे, एवढाच प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

१. बुरशी ही आपली दूरची नातलग

नायटा हा बुरशीचा रोग आहे. बुरशी म्हणजे केवळ घाण किंवा कुजकेपणा नव्हे. वनस्पती व प्राणी यांहून वेगळी अशी ती सजीवांची एक स्वतंत्र सृष्टीच आहे. शुभवर्तमानातील दृष्टांतात एका बाईने तीन मापे पिठात लपविलेले खमीर तुम्हांस ठाऊक आहे. ते खमीरही बुरशीच. पेनिसिलिन हे जगप्रसिद्ध औषध बुरशीपासूनच मिळाले. शिळ्या भाकरीवरील पांढरी लव ही बुरशी, आणि पावसाळ्यात उकिरड्यावर उगवणारी भूछत्रेही बुरशीच्याच कुळातील.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण पुढील सर्व विवेचनाची ती किल्ली आहे. क्षय, विषमज्वर, पटकी इत्यादि रोग करणारे जीवाणू रचनेने आपल्यापासून फार भिन्न आहेत. त्यामुळे त्यांना मारणारी, पण आपल्या पेशींना फारसे न दुखविणारी औषधे पुष्कळ सापडली. बुरशीचे तसे नाही. तिच्या पेशीत आपल्या पेशीप्रमाणेच केंद्रक असते, आणि तिचे पुष्कळसे व्यवहारही आपल्यासारखेच चालतात. सजीवांच्या वंशवृक्षात बुरशी झाडांपेक्षा प्राण्यांस अधिक जवळची ठरते. कापूस व भेंडी ही एकाच कुळातील आहेत. कपाशीच्या ओळीत रानभेंडी उगवली, तर निंदणाऱ्या बाईस जसे दोनदा पाहून मग उपटावे लागते, तसेच बुरशी मारू पाहणाऱ्या शास्त्रज्ञास करावे लागते. शत्रू व धनी यांचे चेहरे येथे एकमेकांसारखे आहेत.

तरीही एक भेद सापडला. प्रत्येक पेशीभोवती एक अत्यंत पातळ पडदा असतो. त्या पडद्यास दृढता देण्यासाठी आपल्या शरीरात कोलेस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो, तर बुरशीच्या पडद्यात त्याच जातीचा परंतु थोडा निराळा असा एर्गोस्टेरॉल असतो. बुरशीवरील बहुतेक मोठी औषधे या एका भेदावर उभी आहेत. त्यांचे दोन वर्ग आपण पाहू.

पहिल्या वर्गातील औषधे एर्गोस्टेरॉलला जाऊन चिकटतात व पडद्यास भोके पाडतात. या वर्गातील निस्टॅटिन हे औषध एलिझाबेथ हेझन व रेचल ब्राउन या दोन अमेरिकन विदुषींनी १९५० साली जाहीर केले. एक न्यूयॉर्क शहरात व दुसरी ऑल्बनी येथे राहत असल्यामुळे मातीचे नमुने व त्यांतील अर्क त्या एकमेकींस टपालाने पाठवीत. याच वर्गातील अँफोटेरिसिन-बी हे व्हेनेझुएला देशातील मातीत सापडलेल्या सूक्ष्मजीवापासून १९५५ च्या सुमारास मिळाले. आणि आपणांस अभिमान वाटावा अशी गोष्ट ही, की त्याच जातीचे हॅमायसिन हे औषध आपल्या महाराष्ट्रात, पुण्याजवळील पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात, तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनी १९६१ साली शोधून काढले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले त्याच्या शास्त्रीय नावातही पिंपरीचे नाव गुंफलेले आहे.

दुसरा वर्ग 'अझोल' औषधांचा. किटोकोनॅझोल, फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल ही त्यांतील प्रमुख नावे. सर्वांच्या शेवटी 'कोनॅझोल' हा एकच प्रत्यय असल्यामुळे ती ओळखण्यास सोपी. ही औषधे पडद्यास भोक पाडीत नाहीत, तर बुरशीच्या पेशीत एर्गोस्टेरॉल तयार करणाऱ्या एका विकरास बांधून टाकतात. हे विकर 'सायटोक्रोम पी-४५०' नावाच्या फार मोठ्या कुटुंबातील आहे. आणि येथेच अडचणीचा प्रारंभ होतो. त्याच कुटुंबातील इतर विकरे आपल्या यकृतात बसून, आपण घेतलेल्या शेकडो औषधांचे विघटन करण्याचे काम रात्रंदिवस करीत असतात. बुरशीच्या घरास घातलेले कुलूप थोडेफार आपल्या घरासही बसते.

२. हृदयातील वीज

आता क्षणभर बुरशी बाजूस ठेवून हृदयाकडे वळू. उजव्या हाताची तीन बोटे डाव्या मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूस हलकेच ठेवा, आणि घड्याळात पाहून एक मिनिटभर नाडी मोजा. समजा ७२ ठोके आले. तर एका दिवसात १,०३,६८० ठोके होतात. एवढा व्यवहार सुतासारखा सरळ चालतो, तो कोणाच्या आज्ञेने?

हृदयाच्या उजव्या अलिंदात, वरच्या बाजूस, पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तो १९०७ साली कीथ व फ्लॅक यांनी दाखवून दिला. तेथे आपोआप विजेची सूक्ष्म लहर उत्पन्न होते. ती प्रथम दोन्ही अलिंदांत पसरते. मग अलिंद व निलय यांच्या सीमेवरील दुसऱ्या गाठीपाशी क्षणभर थबकते, आणि तेथून तंतूंच्या वाटेने दोन्ही निलयांत उतरते. ही दुसरी गाठ तावारा नावाच्या जपानी पंडिताने १९०६ साली स्पष्ट केली. लहर पोहोचली की स्नायू आकुंचन पावतो व रक्त पुढे ढकलले जाते.

ही वीज तारेतील विजेसारखी नव्हे. पेशीच्या पडद्यात अतिसूक्ष्म दारे असतात, आणि त्यांतून विद्युद्भारित कणांची ये-जा होते. पेशीच्या आत पोटॅशियम फार असते. बाहेरील रक्तात जितके असते त्याच्या सुमारे तीसपट. बाहेर सोडियम अधिक असते. लहर आली की सोडियमची दारे उघडून ते आत घुसते. पाठोपाठ कॅल्शियम येते व स्नायू आवळला जातो. त्यानंतर पोटॅशियमची दारे उघडतात, पोटॅशियम बाहेर पडते, आणि पेशी पुनः पूर्वस्थितीस येऊन पुढील लहरीची वाट पाहू लागते.

तुमच्या आजोबांच्या काळी विहिरीवर मोट चालत असे. थारोळ्यात पाणी ओतून झाले की बैल मागे सरत, मोट पुनः विहिरीत उतरे व भरे. मगच पुढची खेप. बैल मागे सरण्यापूर्वीच कोणी चाबूक उगारला, तर नाडा गुंतून सर्व खेळखंडोबा व्हावयाचा. पोटॅशियम बाहेर पडण्याचा काळ म्हणजे बैल मागे सरण्याचा काळ होय. त्या काळात हृदयाच्या पेशीस अवेळी चेतना मिळणे इष्ट नसते.

हा सर्व व्यापार कागदावर उतरविता येतो. १८८७ साली लंडन येथे ऑगस्टस वॉलर याने मनुष्याच्या हृदयाची वीज प्रथम नोंदविली. पुढे हॉलंडातील आइंटहोव्हेन याने अत्यंत संवेदनक्षम यंत्र तयार करून आलेखातील लाटांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावे दिली, आणि त्यास १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज ज्यास आपण 'ईसीजी' म्हणतो तो हाच आलेख. त्यातील क्यूपासून टीच्या शेवटापर्यंतच्या अंतरास 'क्यूटी अंतर' म्हणतात. निलयात वीज शिरल्यापासून त्याच्या पेशी पूर्ववत् होईपर्यंतचा काळ तो हाच. आलेखाच्या कागदावरील लहान चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद, व पाच लहान चौकोनांचा मोठा चौकोन म्हणजे ०.२० सेकंद. नाडीच्या वेगाचा हिशेब करून काढलेले क्यूटी अंतर प्रौढ पुरुषात सुमारे ०.४५ व स्त्रीत ०.४६ सेकंदापर्यंत असले, तर ते सामान्य समजतात. ते ०.५० सेकंदाच्या पुढे गेले म्हणजे वैद्य सावध होतात.

सावध होण्याचे कारण असे. हे अंतर फार लांबले, आणि त्या लांबलेल्या काळातच एखादा अवेळी ठोका पडला, तर निलये नियमित आकुंचन सोडून भलत्याच वेगाने थरथरू लागतात. त्या वेळच्या आलेखातील टोके पीळ दिलेल्या दोरीप्रमाणे वरखाली फिरताना दिसतात. देसर्तेन या फ्रेंच वैद्याने १९६६ साली तिला 'टोर्साद द प्वान्त', म्हणजे टोकांचा पीळ, असे नाव दिले. रक्त पुढे जात नाहीसे होते. रोग्यास भोवळ येते व शुद्ध हरपते. पुष्कळदा हा पीळ आपोआप सुटतो. न सुटला तर काही मिनिटांतच मृत्यू ओढवतो.

३. औषध हृदयापर्यंत कोणत्या वाटांनी पोहोचते

आता दोन्ही धागे एकत्र आणू. बुरशीवरील औषध तीन निरनिराळ्या वाटांनी हृदयाच्या विजेस अडथळा करू शकते.

पहिली वाट सरळ आहे. फ्लुकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल आदि औषधे रक्तावाटे हृदयात जाऊन पोटॅशियमचे दारच काही अंशी अडवितात. बैल मागे सरण्यास विलंब लागतो. क्यूटी अंतर लांबते. निरोगी मनुष्याने वैद्याने सांगितलेल्या मात्रेत औषध घेतले, तर हा परिणाम बहुधा इतका अल्प असतो, की त्याची दखलही घ्यावी लागत नाही. गंमत अशी, की याच कुळातील आयसाव्हुकोनॅझोल हे नवे औषध उलट क्यूटी अंतर आखूड करते. तेव्हा एकाच आडनावाची सर्व माणसे जशी एकाच स्वभावाची नसतात, तशी औषधेही नसतात.

दुसरी वाट आडवळणाची, परंतु अधिक धोक्याची. ती एका सत्यकथेने समजेल. टर्फेनाडीन नावाचे सर्दी-शिंकांवरचे एक औषध पूर्वी अमेरिकेत फार लोकप्रिय होते. गुंगी आणीत नाही म्हणून लोक ते निर्धास्तपणे घेत. खरे पाहता टर्फेनाडीन हा पदार्थ पोटॅशियमच्या दारास चांगलाच अडविणारा होता. पण आतडी व यकृत यांतील विकरे तो रक्तात पसरण्यापूर्वीच त्याचे एका निरुपद्रवी पदार्थात रूपांतर करून टाकीत, आणि गुण येई तो या दुसऱ्या पदार्थाने. पुढे ३९ वर्षांच्या एका स्त्रीस टर्फेनाडीन चालू असताना बुरशीसाठी किटोकोनॅझोल देण्यात आले. दोन्ही औषधे आपापल्या जागी मान्यताप्राप्त होती. परंतु किटोकोनॅझोलने ते रूपांतर करणारे विकर बांधून ठेवले. टर्फेनाडीन जसेच्या तसे रक्तात साठत गेले, तिला वारंवार मूर्च्छा येऊ लागली, आणि आलेखात तो भयंकर पीळ उमटला. सुदैवाने ती वाचली. १९९० साली तेथील वैद्यक संघाच्या नियतकालिकात हा वृत्तांत प्रसिद्ध झाला तेव्हा साऱ्या जगाचे डोळे उघडले. १९९८ पर्यंत टर्फेनाडीन अमेरिकेच्या बाजारातून गेले. भारतात त्यावर २००३ साली बंदी आली. सिसाप्राइड नावाच्या पोटाच्या औषधाचीही हीच गत झाली, व ते भारतात २०११ साली बंद झाले. टर्फेनाडीनपासून शरीरात होणारा तो निरुपद्रवी पदार्थच आता फेक्सोफेनाडीन या नावाने विकला जातो. एका बाईच्या मूर्च्छेचा कोणी कसून तपास केला, त्याचे हे फळ.

या कथेचे सार असे, की पिठाची गिरणी एकच असून तीत दळण पुष्कळांचे असते. एकाने गिरणीचा पट्टा अडवून धरला, तर दुसऱ्याचे दळण साचत जाते. यकृत ही ती गिरणी. अझोल औषधे ती अडवितात, आणि साचणारे दळण जर हृदयास बाधणारे असेल तर अनर्थ होतो.

तिसरी वाट शरीरातील पोटॅशियमचा साठाच रिकामा करण्याची. तिचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको; ते आपल्याच महाराष्ट्रात २०२१ साली घडले.

४. २०२१ सालचा उन्हाळा

कोविडच्या दुसऱ्या लाटेचा तो उन्हाळा तुमच्या घरी अद्याप कोणी विसरले नसेल. त्या साथीतून उठलेल्या पुष्कळ रोग्यांना, विशेषतः ज्यांना मधुमेह होता व ज्यांना स्टेरॉइडची औषधे द्यावी लागली होती त्यांना, नाक, डोळे व जबडा यांत एक भयंकर रोग होऊ लागला. लोक त्यास 'काळी बुरशी' म्हणत. वैद्यकातील नाव म्युकरमायकोसिस. देशातील सर्वाधिक रोगी असलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना हा रोग अधिसूचित करावयास सांगितले, म्हणजे प्रत्येक रोग्याची नोंद सरकारास कळविणे बंधनकारक झाले.

या बुरशीवर फ्लुकोनॅझोल चालत नाही. शस्त्रक्रियेने सडलेला भाग काढणे व शिरेतून अँफोटेरिसिन-बी देणे हाच मुख्य उपाय. त्या औषधाचा सर्वत्र तुटवडा पडला. अशा वेळी आपल्या शेजारच्या वर्धा येथील जेनेटिक लाइफ सायन्सेस या कारखान्यात, मे महिना संपण्यापूर्वीच, अँफोटेरिसिनचे इंजेक्शन तयार होऊ लागले. ज्या वर्ध्यास आपण कापसाच्या बाजारासाठी व सेवाग्रामासाठी ओळखतो, तेथून हे औषध निघाले ही विदर्भाने स्मरणात ठेवण्याजोगी गोष्ट होय.

परंतु हे औषध देणे म्हणजे केवळ सुई टोचणे नव्हे. अँफोटेरिसिन बुरशीच्या पडद्यास भोके पाडते हे आपण पाहिले. आपल्या मूत्रपिंडातील पेशींच्या पडद्यासही ते थोडीफार इजा करते. परिणामी पोटॅशियम व मॅग्नेशियम लघवीवाटे वाहून जाऊ लागतात. रक्तातील पोटॅशियम दर लिटरास ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट एवढे असावयास हवे. ते खाली गेले म्हणजे हृदयातील पोटॅशियमची दारे नीट काम करीनाशी होतात, आलेखातील टी लाट सपाट होते, आणि ठोके चुकू लागतात. म्हणूनच या औषधावर असलेल्या रोग्याचे रक्त वारंवार तपासावे लागते, आणि गेलेले क्षार भरून काढावे लागतात.

दुसरी दक्षता वेगाची. जुन्या पद्धतीचे अँफोटेरिसिन ग्लुकोजच्या पाण्यात मिसळून दोन ते सहा तासांत थेंब थेंब द्यावे लागते. मिठाच्या पाण्यात मिसळले तर त्याचा साका होतो. ते घाईने शिरेत गेले तर हृदयाची गती बिघडू शकते. तिसरी दक्षता नावाची. याच औषधाचे एक रूप स्निग्ध कणांत गुंडाळलेले असते. त्याची मात्रा शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास ५ मिलिग्रॅमपर्यंत किंवा त्याहूनही अधिक देतात. जुन्या साध्या रूपाची मात्रा मात्र दर किलोग्रॅम वजनास दिवसाला १.५ मिलिग्रॅमच्या पुढे कदापि जाता कामा नये. बाटलीवरील नाव अर्धेच वाचून एकाची मात्रा दुसऱ्याची म्हणून दिल्यामुळे हृदय बंद पडल्याच्या घटना वैद्यकाच्या ग्रंथांत नमूद आहेत. अर्धवट वाचन परीक्षेत गुण घालविते. येथे ते प्राण घालविते. त्या उन्हाळ्यात ज्या परिचारिकांनी रात्री जागून थेंब मोजले व प्रत्येक बाटलीवरील अक्षर न् अक्षर वाचले, त्यांचे ऋण फार मोठे आहे.

५. आपल्या घरातील प्रश्न

कोणी म्हणेल, काळी बुरशी रुग्णालयात. आपल्या गावी तिचे काय? तर पुनः नायट्याकडे येऊ. गेल्या काही वर्षांत आपल्या देशात नायट्याने चिवट रूप धारण केले आहे. २०२० साली शास्त्रज्ञांनी यास कारण होणाऱ्या एका बुरशीस 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असे, आपल्या देशाची आठवण देणारे, नाव दिले. टर्बिनाफीन नावाचे औषध, जे हृदयाच्या विजेस सहसा बाधत नाही, त्यास ही बुरशी पुष्कळदा दाद देत नाही. त्यात भर म्हणजे स्टेरॉइड मिसळलेली मलमे. ती लावताच खाज थांबते, पण बुरशी आतल्या आत पसरते. २०१८ साली सरकारने अशी मलमे चिठ्ठीवाचून विकू नयेत असा नियम केला, तरी ती मागणारे लोक आहेतच. या सर्वांमुळे इट्राकोनॅझोल व फ्लुकोनॅझोल यांच्या गोळ्या पूर्वीपेक्षा अधिक दिवस व अधिक लोकांना घ्याव्या लागतात. इट्राकोनॅझोल तर हृदयाच्या आकुंचनाचा जोरही कमी करते. म्हणून ज्याचे हृदय आधीच दुर्बळ झाले आहे त्यास नायट्यासाठी ते देत नाहीत.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. एका घरी पासष्ट वर्षांची आजी आहे. तिला रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी चालू आहे. तिने शरीरातील पोटॅशियम थोडे कमी होते. पित्त व मळमळ यांसाठी ती रोज सकाळी एक गोळी घेते, तीत डोम्पेरिडोन आहे. हे औषध स्वतः क्यूटी अंतर लांबवू शकते, आणि त्याचे विघटन यकृताच्या त्याच गिरणीत होते. आजीला नायटा झाला. शेजारणीने तिला आपली फ्लुकोनॅझोलची उरलेली गोळी दिली. ती आठवड्यास एक घ्यावयाची, पण लवकर गुण यावा म्हणून आजी रोज घेऊ लागली. दोन दिवसांनी तिला जुलाब लागले, आणि उरलेसुरले पोटॅशियमही गेले.

पाहा, यांतील एकही गोष्ट एकटी घेतली तर फारशी भयंकर नाही. परंतु एकेक कच्चा धागा मिळून दोर वळला जातो, तसे येथे झाले. म्हातारपण, स्त्रीदेह (कारण हा विकार स्त्रियांत अधिक आढळतो), पोटॅशियमची तूट, दार अडविणारी दोन औषधे, आणि अडलेली गिरणी! आजी अंगणात उभी असता तिच्या डोळ्यांपुढे एकाएकी अंधारी येते. घरचे म्हणतात, उन्हाने भोवळ आली; कांदा हुंगवा. खरे तर त्याच घटकेस तिला निजवून, तिच्या सर्व गोळ्यांची पाकिटे बरोबर घेऊन, जेथे ईसीजीचे यंत्र आहे अशा रुग्णालयात नेले पाहिजे. आलेख काढण्यास काही मिनिटे पुरतात. वेळेवर कळले तर औषधे थांबवून व क्षार देऊन बहुधा सर्व काही ठीक होते.

याचा अर्थ बुरशीवरील औषधांस भ्यावे असा मुळीच नव्हे. डॉक्टरांनी दिलेले औषध हा लेख वाचून कोणी आपल्या मनाने बंद करू नये. तसे करणे हा दुसऱ्या बाजूचा अविचार होईल. बाहेरून लावण्याचे बुरशीचे मलम रक्तात फार थोडे शिरते, म्हणून त्यापासून हृदयास भय जवळजवळ नाहीच. पोटात घेण्याच्या गोळ्यांनीही लक्षावधी लोक बरे झाले आहेत. भय आहे ते न सांगण्यात: कोणते औषध आधीच चालू आहे हे वैद्यास न सांगण्यात, दुसऱ्याची गोळी आपली मानण्यात, आठवड्याची मात्रा दिवसास घेण्यात. ज्यास कधी कारणावाचून मूर्च्छा आली असेल, ज्याच्या घराण्यात कोणी तरुणपणी एकाएकी दगावले असेल, अथवा ज्याचे हृदय किंवा मूत्रपिंड दुर्बळ असेल, त्याने तर ही गोष्ट आपण होऊन आधीच सांगावी.

येथे तुमचे काम सुरू होते. आपल्या जिल्ह्यात अद्याप अशी पुष्कळ घरे आहेत, जेथे शाळेत जाणारे मूलच घरातील सर्वांत अधिक वाचू शकणारे माणूस असते. गोळीच्या पाकिटावरील बारीक अक्षर आजीस दिसत नाही, व दिसले तरी इंग्रजी असते. तेव्हा या सुट्टीत प्रत्येकाने एक लहान वही करावी. घरातील प्रत्येक मनुष्याच्या नावाने एक पान ठेवून त्यावर तो घेत असलेल्या सर्व औषधांची नावे लिहावी. दुकानाचे नाव नव्हे, तर पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेले मूळ औषधाचे नाव. किती वेळा व केव्हापासून, तेही लिहावे. ज्याच्या शेवटी 'कोनॅझोल' असेल त्याखाली रेघ ओढावी. आणि घरातील कोणी डॉक्टरांकडे निघाले की ती वही त्यांच्या हाती द्यावी.

अंतःकरण जपण्याविषयी शलमोनाने नीतिसूत्रांत जे सांगितले आहे, ते आपण उपासनेत अनेकदा ऐकतो. त्याचा रोख मनाकडे आहे हे खरे. पण ज्या मांसाच्या हृदयावर आजीचा प्राण अवलंबून आहे, तेही देवानेच दिलेले व राखण्याजोगे आहे, आणि ते राखण्यास एक पेन्सिल व दोन पैशांची वही घेऊन बसणारे मूल पुरे पडते. सुट्टीनंतर शाळा उघडेल तेव्हा त्या वह्या मी पाहणार आहे.